बाकी एक

फाटकापाशी पितळेची डबी, सात खिडक्यांची.
माणूस आत आला की मल्लेचा अंगठा, खट्.
वोर्म्सी बेटाकडे जाणारा असो की तिकडून येणारा,
दोघांना एकच खट्. डबीला दिशा कळत नाही.

सोमवारी कार्डाचं यंत्र बसणार होतं.
शनिवारी, बेटावरून निघालेल्या शेवटच्या फेरीला
जाळ्याचं पोतं ओढत एक म्हातारा चढला
आणि सातही खिडक्यांत अंक उभे राहिले
१२३४५६७
कवायतीला पोरं उभी करावीत तसे, उंचीनुसार.

मल्ले म्हणाली, ही मूळ संख्या असणार, तार्वो.
एवढ्या सरळ रांगेत कोण शिरेल?
मी म्हटलं, फुटेल.
पैज लागली. धुरी दिलेली एक वाम.

इंजिन पोराच्या हाती देऊन मी वर आलो.
मालाच्या पावतीची पाठ, पेन्सिलचं थोटूक.
अंकांची बेरीज अठ्ठावीस, म्हणजे तीनने नाही.
(अठ्ठावीस परिपूर्ण, आपल्याच भाजकांत पुरती मावणारी.
तिचा आम्हाला उपयोग नव्हता.)
सातने बाकी पाच. अकराने चार. तेराने नऊ.
बोटीखाली बर्फ करकरत होता.
एकोणीस, तेवीस, एकोणतीस...
पावत्या संपल्या, तिने तिकिटांचा गठ्ठा काढला.
एकशे तेराने बाकी बेचाळीस.
मल्लेच्या जिभेवर वाम आली होती.

मग एकशे सत्तावीस.
आणि खाली काहीच उरलं नाही.

एकशे सत्तावीस गुणिले नऊ हजार सातशे एकवीस.
हे दोघे मात्र मूळ, पुढे कुणाला दाद देत नाहीत.
मी ओरडलो, संयुक्त! वर न्यूनसुद्धा!
बारा लाखांचा थाट, आणि स्वतःला सोडून
सगळे भाजक मिळवले तरी दहा हजार भरत नाहीत.

ती हसली नाही.
म्हणाली, दोनने करून बघितलंच नाही आपण.
अगं, शेवटी सात आहे. विषम. त्यात काय बघायचं?
ती म्हणाली, गेलेला परत आला की जोडी होते.
सगळे परतले असते तर दोनने भाग गेला असता.

मी सांगत बसलो: मुक्कामाचे पाहुणे असतील,
शहरात राहून गेलेली पोरं,
बेटावरच्या मातीत ठेवलेली माणसं.
त्यांच्यातलाच कुणी बिनजोडीचा.
असेल, ती म्हणाली.

मला हायनोने सांगितलेलं आठवलं. ही डबी आधी त्याची होती.
एका मार्चमध्ये शिवणयंत्र पोटाशी धरून
एक मुलगी बेटाकडे चालली होती,
सुटे पैसे मोजताना तिची बोटं थरथरत होती.
त्याने तिचा एक खट् केला.
महिन्याभरात ती फाटकाच्या आतल्या बाजूला उभी राहिली,
आणि डबी घरच्या माणसांना मोजत नाही.

धक्क्याला दोर पडला. माणसं उतरली.
मल्लेने अंगठा कळीवर ठेवला.
मी बघतोय हे तिला ठाऊक होतं.
एक खट्, आणि संख्या सम.

अंगठा तसाच राहिला थोडा वेळ.
मग तिने तो कोटाच्या खिशात घातला,
म्हणाली, वाम सोमवारी आणते,
बाकी ठेवणाऱ्यातली नाही मी.