हरकत

गोळीबार चौकातल्या वरातीचा व्हिडिओ
पोरानं टाकला. चौथ्या दिवशी
त्याचा आवाजच गेला.
बेंजोवर माझी बोटं पळतायत,
डिगांबर हेडाऊ ताशामागे घामाघूम,
नवरदेवाचा मामा दातांत नोट धरून नाचतोय,
मुक्यानंच.

खाली एक ओळ: मालकानं हरकत घेतली आहे.

आमच्यात हरकत म्हणजे
सूर सोडून जरासं बाजूला जायचं
आणि समेवर घरी यायचं.
ती घेतली की लोक वा म्हणतात.

खरं सांगतो, चाल माझी नाही.
सत्त्याण्णवला एका पिक्चरमधून उचलली,
वर आपले शब्द बसवले, कॅसेट काढली.
इतवारीत अठरा रुपयाला एक, दोनशे खपल्या.
कोणी काही विचारलं नाही.
फक्त शेवंताआत्या, मागावर बसल्या बसल्या
ऐकून हसली, म्हणाली,
"हे तं आपल्या तांडापेठेतलंच व्हय बाप्पा.
धोटा इकडून तिकडं जाईस्तोवर एक ओळ."
त्या पिक्चरवाल्यानं कुठून ऐकलं असेल,
देव जाणे.

फॉर्मात एक चौकोन आहे: मूळ निर्माता.
"बाबा, काय लिहू?"
आत्याचं माहेरचं नाव की सासरचं?
तिचा माग तर भंगारात गेला,
किलोच्या भावानं.

उद्या सक्करदऱ्याला हळद आहे,
लोक तेच मागतील.
वाजवीन.
तिसऱ्या ओळीला थोडा बाजूला जाईन,
मंग पाहू
तिथं कोणाचं नाव लागते ते.