जंगली खुंट

भाच्याने अमेरिकेतून धाडलेला टॅब्लेट
पिशवीत घालून मी मोहाडीहून सकाळची बस धरली
आणि एम. जी. रोडला साजिद बागवानच्या दुकानासमोर
शटर वर जाईपर्यंत उभा राहिलो.

साजिदने पिन टोचून कडेचा इवला कप्पा काढला,
माझं सिम ठेवलं, आत ढकललं.
पडद्यावर एक इंग्रजी ओळ उमटली.
"काका, हा तिकडच्या कंपनीला बांधलेला आहे.
दुसऱ्याचं सिम घेणार नाही."

मला रॉटरडॅमहून माघारी फिरलेला कंटेनर आठवला.
मणी अठरा मिलिमीटर, साखर बरोबर,
एका औषधाचा अंश कुठंतरी दशांश चिन्हाच्या पलीकडे,
आणि दार बंद.
हे साजिदला सांगितलं नाही. तेव्हा तो शाळेत असेल.

"खोलून देतो पाचशेत," तो म्हणाला, "पण अपडेट आलं
की बसेल पुन्हा कुलूप. तिकडं कुणाकडं जाल?"
सरळ पोरगा. आडनाव बागवान, विकतो चार्जर.

मग मी सगळंच सांगितलं.
पेरू देश. इका नावाचं ठिकाण.
सिंधू म्हणते, इका नव्हे, ऐका असेल,
तिथं जाऊन तरी ऐकायला शिकाल.
सहा महिने तिथल्या पोरांना छाटणी शिकवायची,
डोळे मोजायचे, काडी ओळखायची.
बागेत वायफाय कुठलं, सिमच लागणार.
आणि फोनवर भागत नाही:
सिंधू इथून पानांचे फोटो पाठवणार,
त्या वीतभर पडद्यावर
केवडा कोणता आणि फवाऱ्याने करपलेलं कोणतं
माझ्या चष्म्याला कळत नाही.

साजिदने तीन डबे मांडले.
एक देखणा, पातळ, नुसत्या वायफायचा. तो बाजूला.
दुसऱ्याला कप्पा होता, पण
"तिकडं रानात अठ्ठावीस नंबरचा बँड लागतो, काका.
यात नाही. शहरात बोलेल, बागेत मुका."
असे सल्लागार मी पाहिलेत.
तिसरा जाडजूड, काळा.
डब्यावर बँडांची यादी मुंगीच्या अक्षरात;
खिशातलं भिंग काढलं
आणि फुलकिडे शोधावेत तसा अठ्ठावीस शोधला.
सापडला.

"याला कुठलंही सिम चालतं?"
"कुठलंही. कुठल्याही देशाचं."

म्हणजे खुंट.
आपण आधी जमिनीत लावतो तो जंगली,
ज्याच्या स्वतःच्या घडाला कुणी विचारत नाही,
जो खारं पाणी पितो, मुरमात पाय रोवतो,
आणि पाचर मारून वर बांधाल त्या काडीला
आपली म्हणतो.
साजिदला हे समजावू लागलो.
तो म्हणाला, "कव्हर देऊ का?"

बिलावर शिक्का मारता मारता थांबला:
"वॉरंटी फक्त भारतात हं."
म्हटलं, माझीही तशीच.
भाच्याचा टॅब्लेट पिशवीत खाली, नवा वर.

रात्री सिंधूने बागेतून व्हिडिओ कॉल लावला, सराव म्हणून.
मी ओट्यावर. मध्ये दोनशे पावलं.
बॅटरीच्या उजेडात तिने पान धरलं.
"दिसतोय का ठिपका?"
दिसत होता. तेलकट, पिवळा. केवडाच.
आणि ठिपक्याच्या कडेला तिचा अंगठा,
गेल्या छाटणीत कात्रीने तासलेलं नख,
अजून पुरतं भरून न आलेलं.
एवढं मोठं करून मी ते कधी पाहिलं नव्हतं.

"काय झालं? रेंज गेली का?"
"नाही," म्हटलं. "हलवू नकोस.
धर तसंच."