तोंड खाली

सिलिंडर उघडला आणि रेग्युलेटर सुटलाच,
बादली खळाळून फायर स्टेशनची फरशी ओली.
नवं माउथपीस, नवी पट्टी. बाकी सगळं तेच.
तरफ मागे ओढली. तरी नाही.

जुनं खिशात आहे :
धुर्वेदादाच्या दातांनी झिजलेलं,
डाव्या दाढेची खूण आरपार.
एकोणीस वर्षं गांधीसागरातून
त्यानं माणसं वर आणली.
एकानंही आभार मानले नाहीत.

“तोंड आभाळाकडे केलं का बोंबलतेच बे,
मान खाली घालाले लाव त्याले.”

उलटा धरून बुडवला.
एक बुडबुडा, उशिरा.
मग गप्प.

काऊन, दादा, एवढी साधी गोष्ट
तू गेल्यावरच आठवावी?

अंबाझरीहून फोन आलाय. गाडी सुरू आहे.
नवं रबर दातांत धरून बघतो :
गुळगुळीत, कुणाचंच नाही अजून.