तीन दाव

कार्ड खरं आहे. हिरवं, तळहाताएवढं,
कोपऱ्यात माझ्याच हातचा एक ओबडधोबड डाग.
त्याच्या पुढचं सगळं खोटं.

खोटी मोटर, साडेसात एचपीची.
खोटा बोअर, तीनशे वीस फूट.
आणि कापडण्याच्या शिवारातली एक डीपी
जी या राखाडी डब्यात
समीकरणं होऊन बसलीये, गुणगुणतसुद्धा नाही.
डबा सेकंदाचे दहा लाख तुकडे करतो
आणि दर तुकड्याला कार्डाला सांगतो:
एवढा करंट, एवढे फेरे, पाणी चढतंय.
कार्ड विश्वास ठेवतं.
त्याला डोळे नाहीत, नुसत्या पिना आहेत.

सकाळपासून छळतेय मी त्याला.
एक फेज काढली. बोअर कोरडा केला.
इंपेलरमध्ये गाळ अडकवला.
दर वेळी शहाण्यासारखं थांबलं,
एरर लिहिली,
पुढच्या छळाची वाट पाहिली.

दुपारी दगाजी नाना आले, अवधानच्या उन्हातून,
डोक्यावरचा ओला रुमाल वाळून कडक.
चाळीस वर्षं मोटरी भरल्यात त्यांनी.
डावी भुवई एका कपॅसिटरने नेली
ती परत आली नाही.
लोक त्यांना नुसतं दगा म्हणतात.
माझ्या कामाचंही नाव तेच.

"मोटर कोठे शे?"
मी स्क्रीनवरची निळी रेघ दाखवली.
त्यांनी वाकून हुंगली. खरंच हुंगली.
"आनी वास?"
वासाचं समीकरण नाही, नाना.

स्टुलावर बसले. रुमालाची घडी घातली.
"रातले दोनले लाइट येस, जास, परत येस.
तीन दाव. मंग खरी येस.
हाई तुन्हा डबाले माहीत शे का?"

नव्हतं. मलाच नव्हतं.
माझ्या यादीत लाइट असायची, नाहीतर नसायची.
मी लिहिलं: आली, गेली, आली.
मधे दोनशे मिलिसेकंद. मग नव्वद.
नाना म्हणाले, आखो कमी.
चाळीस.

तिसऱ्या दावाला रेघ
स्क्रीनच्या बाहेर गेली.
रिले सुटायचाच राहिला होता,
अर्ध्या रिकाम्या कपॅसिटरवर
अख्खी डीपी कोसळली,
चारशे बारा अँपिअर.
आवाज नाही. धूर नाही.
टेबलावर माझा डबा, कळण्याची भाकरी, तशीच.

पण नाना एक पाऊल मागे सरले होते,
हात भुवईच्या जागी.
"फुटनं का?"
"नाही. फुटलं असतं."
'असतं' हा शब्द त्यांनी
थोडा वेळ गालात धरला, सुपारीसारखा.

साडेपाचला कोड बदलला.
लाइट गेली की आधी रिले सोड,
परत आली तरी कपॅसिटर भरेस्तोवर दम धर.
पुन्हा तीन दाव.
रेघ उठली, वाकली, उभी राहिली.

नाना स्क्रीनकडे बघतच नव्हते.
कार्डावर तळवा धरला होता, न टेकवता,
तवा तापला का पाहतात तसा.
"थंड शे," म्हणाले.
हात मात्र काढला नाही.