मशीन मागे जात नाही

सदरच्या गल्लीत आमचा छापखाना होता,
उजागरे प्रेस. पाटीवरची वेलांटी उन्हानं उडालेली.
लग्नपत्रिका, मंडळीच्या वार्षिक सभेचे अहवाल,
आणि मार्च आला की बिलबुकं.
पांढरं पान गिऱ्हाइकाला, गुलाबी दुकानात,
कोपऱ्यात नंबरिंग मशीनचा लाल आकडा.
खट् केलं की एकानं पुढे.

इतवारीचे वासाडे पाइपवाले
दरवर्षी दोन जोड न्यायचे.
एक ते पाचशे,
आणि पुन्हा एक ते पाचशे.
मी नऊ वर्षांचा, पानं जुळवायला बसायचो.
विचारलं, पप्पा, यातलं खरं चौदा नंबर कोणतं?
पप्पांनी गोंदाचा डबा माझ्याकडे सरकवला.

त्या पैशातलाही दहावा हिस्सा
रविवारी दानाच्या पिशवीत पडायचा.
मरून मखमल, लाकडी दांडा.
आत गेलेली मूठ काय सोडते
ते शेजारी बसलेल्यालाही दिसत नाही.

मग एका रविवारी पाळकसाहेब बोलले
उंबरावर चढून बसलेल्या त्या बुटक्या जकातदाराबद्दल.
गर्दीतून त्याला नावानं हाक आली,
आणि जेवण व्हायच्या आत त्यानं हिशेब काढला.
एवढंच. उपदेश तसा लांबला नाही,
पंखे बंद होते, लोकांना घरी जायचं होतं.
पप्पा आपल्या अंगठ्याकडे बघत होते.
लाल शाई रॉकेलनंही पुरती जात नाही.

बुधवारी वासाडे आले.
"काऊन हो उजागरे, आपले जोड कवा देता?"
पप्पा म्हणाले, "मशीन मागे जात नाही आता."
"अरे बाप्पा, मग दुरुस्त करून घ्या ना!"
"होत नाही दुरुस्त."

मला माहीत होतं, होतं.
टाचणीनं चाकं फिरवली की
पाचशेचा शून्य व्हायला पाच मिनिटं लागतात,
मीच करायचो ते.
नाही म्हणायची छाती नव्हती,
म्हणून खोटं टाळायला खोटं बोलला माझा बाप.
त्या रात्री प्रार्थनेत ते फार वेळ गप्प राहिले.

वासाडे गांधीबागेत दुसरीकडे गेले.
त्यांच्यामागे आणखी चौघे.
त्या वर्षी कूलरची खस बदलली नाही,
मे महिन्यात पाणी नुसतं कुजट वास मारायचं,
मम्मीनं कॉयरचे झगे शिवायला घेतले.
पप्पा सिव्हिल लाइन्सला स्वतः जाऊन कर भरायचे.
बाबू म्हणायचा, एवढ्याशा कमाईवर
कोणी येत नाही हो इथं.
चलन गीतांच्या पुस्तकात ठेवायचे.
पिशवीला नंबर नसतो, चलनाला असतो,
असं एकदा म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत.

आता मी बावन्नचा. छापखाना विकायला काढला.
गिऱ्हाईक म्हणालं, साठ चेकनं, चाळीस हातात.
सगळे असंच करतात साहेब,
आणि भरून तरी काय होतं? हा रस्ता बघा.
दारासमोरच्या खड्ड्यात त्याच्याच गाडीचं चाक होतं.
खरं होतं. मला उत्तर सुचलं नाही.
शेरॉननं टेबलाखालून पाय दाबला.
नर्सिंग कॉलेजची फी जुलैत भरायची आहे,
हे मला आठवावं म्हणून
की विसरावं म्हणून, मी अजून विचारलेलं नाही.

मी म्हणालो, "मशीन मागे जात नाही."
तो माणूस इकडेतिकडे बघू लागला.
खोली रिकामी होती.
"कोणतं मशीन?"

तो गेला. दुसरं कोणी आलेलं नाही.

रात्री खणातून ते काढलं,
पितळ काळवंडलेलं, आकडा अडतीसवर.
टाचणी लावली.
चाकं अगदी सहज मागे फिरली, शून्यापर्यंत,
तेल घातल्यासारखी.
तसंच ठेवून झोपायला गेलो.

पहाटे उठलो. एकेक करत पुढे आणलं,
खट्, खट्,
शेजारचं कुत्रं भुंकायला लागेपर्यंत.