काठावरची जागा

जोडबसवण्णा चौकातल्या आमच्या डीटीपीच्या दुकानात
कूलर हवेपेक्षा आवाजच जास्त फेकतो.
त्या आवाजात मल्लेशम कोडम म्हणाले,
"थोरल्याचं नाव राहू द्या की मॅडम.
फक्त दिसायला नको."

धाकटीच्या लग्नाची पत्रिका.
थोरला भिवंडीला. तीन वर्षं फोन नाही.
"खोडते ना सरळ," मी म्हटलं.
"खोडलं म्हणजे गेलाच की."

मग नाव निवडलं आणि लपवलं.
बाकावरनं कुणी उठल्यावर सरकतात
तशी शेजारची नावं सरकली.

उजवा बाण दाबला. कर्सर हलेना.
परत दाबला. नाही.
की अडकली वाटून फुंकर मारली,
दाबत राहिले,
पाचव्यानंतर तो पुढं गेला.
पाच.
पु, रु, षो, त्त, म.
जागच्या जागी लुकलुकत
तो त्या नावातून चालत होता
आणि मला वाटत होतं, थांबलाय.

कन्ना चौकातल्या नव्या दुकानात म्हणे असं होत नाही.
तिथला कर्सर टुणकन उडी मारतो
या अक्षरावरून त्या अक्षरावर,
मध्ये कोणी होतं याचा पत्ताही लागू देत नाही.
काम पटापट होतं त्यांचं.

पंचाईत खरी काठावर.
नावाच्या अलीकडची जागा आणि पलीकडची जागा
काचेवर एकच दिसते.
ती एक उभी रेघ,
कुठल्या बाजूला उभी आहे, बघून सांगता येत नाही.
आणि नेमकं तिथंच घालायचं होतं:
सौ. अंबुबाई.

टाईप केलं. काही उमटलं नाही.
पुन्हा केलं.
मग सगळी चिन्हं दाखवायचं बटण दाबलं तर
ठिपक्यांच्या टाक्यावर पुरुषोत्तम
आणि त्याला चिकटून
सौ. अंबुबाई सौ. अंबुबाई.
आई दोनदा जाऊन बसली होती लेकाशेजारी, आत.

मल्लेशम वाकले. चष्मा कपाळावर नेला,
ताण्यात तुटलेली तार शोधावी तसं बघितलं जवळून,
तेलुगूत काहीतरी पुटपुटले
आणि पाणी मागितलं.

मी उलटीकडून आले.
ओळीच्या शेवटाकडनं, डाव्या बाणानं,
नावाला टेकायच्या एक घर आधी थांबले.
आता अंबुबाई उमटल्या, पत्रिकेत दिसतील अशा.

"आतल्या दोन काढू?"
त्यांनी दोनशे प्रतींचा दर विचारला.
पिवळा कागद, कडेला कुंकवाची रेघ.
मग दहा रुपये कमी करा म्हणाले, मी पाच केले.

फाईल तशीच सेव्ह आहे.
ते गेल्यावर एका पतसंस्थेचा शिक्का करायला घेतला,
साधा मजकूर, लपलेलं काही नाही.
बाण दाबताना बोट मात्र
उगीच पाचपर्यंत मोजत होतं.