रंगपट्टी

शेडबाहेर मार्चचा बर्फ,
आत साडेनव्याण्णव अंश.
आयोवातली सकाळ अशीच उजाडते आमची.
मी हातात पट्टी घेऊन उभी,
हार्डवेअरच्या दुकानातली, भिंतीच्या रंगांची,
नऊ चौकोन, फिक्या निळ्यापासून शेवाळीपर्यंत.
एकेक अंडं पट्टीला लावायचं,
मी आकडा बोलायचा, हाल्वोरने वहीत लिहायचा.
तीन. तीन. चार. सहा.
सहा म्हटलं की त्याची पेन्सिल थांबते.

निळा रंग आरपार भिनलेला असतो,
टरफल उलटं करून बघा, आतही निळंच.
तपकिरी मात्र वरवरचा,
बाहेर पडायच्या आधी कोंबडीने घाईत मारलेला एक हात.
अंडं ओलं असताना अंगठा फिरवला तर निघतोसुद्धा.
निळ्यावर तपकिरी बसला की हिरवा.
गणित एवढंच.
तीस वर्षं झाली, सुटत नाही.

कारण निम्मा रंग कोंबड्याकडून येतो
आणि कोंबडा काही अंडं घालत नाही.
तुरा मिरवतो, आरवतो,
आपण काय वाटत सुटलोय ते त्यालाही ठाऊक नसतं.
पोरी वयात येईपर्यंत थांबायचं,
सहा महिने, कधी सात,
मग त्यांच्या अंड्यांवरून बापाचा निकाल.
खाण तशी माती म्हणतात.
आम्ही मातीवरून खाण बंद करतो.

सात नंबरच्या अकरा लेकी.
चौघींची निळी, सहाजणींची हिरवी,
आणि एकीचं,
चहात दूध जास्त पडावं तसलं.
‘शुक्रवारी,’ हाल्वोर म्हणाला.
पुढचं बोलावं लागत नाही.

आमच्या कॅटलॉगवर बारा अंडी आहेत,
बाराच्या बारा एकाच निळ्याची.
ती बारा जणींची नाहीत.
एकट्या एक्केचाळीस नंबरची आहेत,
जुनी पिसं झडून नवी आल्यावरची,
तेव्हा रंग सगळ्यांत गडद असतो.
जूनपर्यंत तीच कोंबडी
धुऊन धुऊन विटलेल्या चादरीसारखं घालत होती.
फोटो मी काढला होता.

लोक चिडतात. निळी मागवली, हिरवी आली.
नातीला काय सांगू?
त्यांना छापील उत्तर जातं.

बुधवारी नेब्रास्काहून एक डबी आली.
कापसात टरफलांचे बारा तुकडे,
प्रत्येकावर पेन्सिलीने एक नाव.
अल्बिन हावरानेक लिहितात:
‘तुमच्या चित्रासारखं यात एकही नाही.
पहिल्या महिन्यात मी तुम्हाला फार शिव्या दिल्या.
पण दोघींचं रंगाने जुळत नाही,
त्यामुळे टोपली बघितली की कळतं
आज कोणी घातलं, कोणी नाही.
ऑगस्टमध्ये ठिपक्यांचं शेवाळी अंडं तीन दिवस आलं नाही.
चौथ्या दिवशी कुंपणापाशी पिसं सापडली.
सगळी एका रंगाची असती
तर मी म्हटलं असतं, आज एक कमी.
तिच्या बापाची पिलं असली तर सहा पाठवा.
आणि ठिपकेवालीचा तुकडा तेवढा परत हवा.’

तिचा बाप कोण, मला माहीत नाही.
कुठल्या पेटीतली पिलं कुठल्या गावाला गेली,
अशी वही आम्ही ठेवत नाही.
तुकडा खिडकीशी धरला.
बाहेरून शेवाळ, आतून निळा.
पाकिटात घातला, पत्ता लिहिला.

शुक्रवारी हाल्वोर वही घेऊन उभा.
सात नंबरच्या धाकट्या लेकीचं अंडं
मी पट्टीवर वरखाली सरकवत राहिले,
चार म्हणावं, पाच म्हणावं,
की दोन चौकोनांमधली ती पांढरी फट.
‘किती?’
‘उजेड कमी आहे,’ मी म्हणाले, ‘उद्या बघू.’
बाहेर बर्फावर लख्ख ऊन पडलेलं.
मागे सात नंबर आरवला,
दहा वाजून गेले होते,
त्याची वेळ कधीच बरोबर नसते.